वाळूत उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चार-पाच गाड्या मिळून जैसलमेरच्या वाळूत जायचा बेत आखलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांची पत्रं दिवाळीपासून येत आहेत. बहुतेकांकडे फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी गाडी आहे, घाटात आणि शेतरस्त्यावर ती चालवून झाली आहे, वाळू मात्र नवी आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे एक ओळ गाळली तर गाडी रुतते किंवा माणूस जखमी होतो.

प्रश्न : जानेवारीत आम्ही चार मित्र निघतोय. दोन थार, एक जिम्नी, एक क्रेटा. चौघेही नवखे. चारही गाड्या टेकड्यांवर नेता येतील का? — वाचक, जुळे सोलापूर

क्रेटा नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकंच हलकी होतात. ती मुक्कामाच्या ठिकाणी उभी करा आणि त्या कुटुंबाला बाकीच्या गाड्यांत बसवा.

थारचंही तपासून घ्या. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. गिअरच्या शेजारी २एच (दोन चाकं), ४एच (चार चाकं), ४एल (चार चाकं, कमी वेग, जास्त ओढ) लिहिलेला दुसरा दांडा नसेल तर ती वाळूसाठी क्रेटाच्याच रांगेत. स्कॉर्पिओ-एनमध्येही ठरावीक डिझेल प्रकारांतच फोर बाय फोर येतं. जिम्नीची काळजी नाही, ती येतेच फोर बाय फोर. शिवाय वजनाने हलकी असल्यामुळे वाळूत ती थारपेक्षा कमी रुतते. हे थारवाल्यांना फारसं आवडत नाही.

क्रेटापेक्षा मोठी अडचण म्हणजे चौघेही नवखे असणं. त्या भागातली वाळू चालवलेला एक माणूस हवाच, आणि तो स्वतःच्या गाडीत, पुढे. तुमच्या शेजारी बसून ‘डावीकडे घ्या’ म्हणणारा वाटाड्या पुरत नाही. टेकडीपलीकडे काय आहे ते आधी गाडी घालून बघणारा लागतो. तीन नवख्यांमागे एक जाणकार हे प्रमाण ठीक आहे. दोन जाणकार मिळाले तर दुसरा शेवटी ठेवा. एकूण गाड्या सहाच्या वर नेऊ नका, कारण प्रत्येक रुतलेल्या गाडीमागे सगळा ताफा अर्धा तास थांबतो. आणि एकट्या गाडीने टेकड्यांत शिरायचंच नाही, मग मुक्काम डोळ्यांसमोर दिसत का असेना.

प्रश्न : टायरमधली हवा कमी करायची म्हणतात. नक्की किती? टायर फाटणार नाही का? मड टायर घ्यावेत का? — वाचक, अक्कलकोट

वाळूतली निम्मी लढाई इथेच संपते, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्त्यावर तुमच्या टायरात ३० ते ३५ पीएसआय हवा असते. हवा कमी केली की टायर दबतो आणि जमिनीला टेकणारा त्याचा पट्टा लांब होतो. रुंदीही वाढते, पण थोडी. खरा फायदा लांबीचा. तेवढंच वजन जास्त जागेवर पसरलं की चाक वाळू खणत नाही, तिच्यावरून जातं.

नवख्यांनी १८ पीएसआयपासून सुरुवात करावी. वाळू मऊ लागली, इंजिन ओढताना दमतंय असं वाटलं, तर १५. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १४ चालतं. १२ च्या खाली जाणं जाणकारांवर सोडा. तेवढ्या हवेत स्टिअरिंग झटक्याने वळवलं की टायर रिम सोडतो, आणि मऊ वाळूत, तिरप्या उतारावर तो परत बसवण्यात तास सहज जातो. रुतलेली गाडी काढण्यापुरती १० पर्यंत हवा उतरवतात, पण बाहेर आल्यावर लगेच पुन्हा १५ करतात.

हवा मोजायची ती डांबर सोडून वाळूला लागण्याच्या जागी, चारही टायरांची एकाच मापकाने. धावून तापलेल्या टायरात थंड टायरापेक्षा ३-४ पीएसआय जास्त दिसतात. त्यामुळे तापलेल्या टायरात १८ ठेवले तर टायर थंड झाल्यावर ते १५-१६ झालेले असतात. म्हणून आधी थोडं थांबा, चहा घ्या, मग उतरवा. व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून हवा सोडली तर काम लवकर होतं, पण पिन वाळूत पडली की सापडत नाही; पिशवीत चार जादा पिना आणि पिन काढायची किल्ली ठेवा. तेवढी घाई नसेल तर पिन काडीने दाबून सोडणं बरं.

हवा कमी असताना वेग ४० च्या आत आणि वळण मोठं घ्यायचं. टायर फाटतो तो वाळूमुळे नव्हे. कमी हवेवर डांबरी रस्त्याने ८० ने पळवल्यामुळे त्याच्या बाजू तापतात, किंवा दबलेली बाजू दगडाला, बाभळीच्या खुंटाला घासते. म्हणजे डांबराला लागण्याआधी हवा भरणं हे सक्तीचं. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप घेऊ नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो आणि दुसऱ्याच टायरला उडतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा कंप्रेसर घ्या आणि तो चालू असताना इंजिन सुरू ठेवा. सहा गाड्यांत असे दोन असले तरी पुरे. एकच ठेवला तर चोवीस टायर भरेपर्यंत अंधार पडतो. कंप्रेसरही तापतो, दोन टायरांनंतर त्याला विसावा द्या.

मड टायर नकोत. त्यांच्या खोल, लांब-लांब गठ्ठ्या चिखल कापायला असतात, वाळूत त्या फावड्यासारखं काम करतात. कंपनीने दिलेले टायर १६ पीएसआयवर पुरेसे चांगले चालतात. पैसे खर्च करायचेच असतील तर कंप्रेसरवर करा.

प्रश्न : जाण्याआधी चंद्रभागेच्या वाळवंटात सराव केला तर? — वाचक, पंढरपूर

करू नका. वारकऱ्यांच्या जागेत गाडी घालणं शोभत नाही हे आहेच, पण यात धोकाही आहे. उपशाने भीमेच्या पात्रात जागोजागी खड्डे झाले आहेत; वरून वाळू दिसते आणि खाली पाणी किंवा गाळ असतो. उजनीतून पाणी सुटलं की कोरडं पात्र काही तासांत भरतं. सोलापूरकरांना हे सांगायला नको. औज बंधाऱ्यासाठी पाणी सोडल्याची बातमी वर्षातून अनेकदा वाचतोच आपण. शिवाय ओली नदीची वाळू आणि वाऱ्याने रचलेली कोरडी वाळू यांचं वागणं वेगळं असतं.

नान्नजकडच्या माळावरही नको. ते माळढोकाचं अभयारण्य, १९७९ पासूनचं. जैसलमेरलाही हीच काळजी घ्यावी लागेल. समच्या आणि खुरीच्या टेकड्यांना लागून ३,१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि तिथे माळढोक अजून टिकून आहे. तो अंडं जमिनीवर घालतो. वाटाड्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आपण पार्कच्या हद्दीबाहेर आहोत ना?

सोलापुरात बसून करायचा सराव वेगळा आहे, आणि तो वाळूपेक्षाही जास्त कामाला येतो. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घ्या आणि नांगरून सुकलेल्या रानात गाडी घाला. ढेकळांत गाडीला जो अडसर होतो तो वाळूच्या ओढीच्या जवळ जातो. तिथे ४एच मध्ये दुसऱ्या गिअरवर, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, शंभर मीटर एकसारखं जायला शिका. मग तेच अंतर फक्त आरशांत बघून, सरळ रेषेत, उलट्या गिअरमध्ये. टेकडीवरून परत यायची वेळ आली की हेच लागतं आणि बहुतेकांना नेमकं हेच येत नाही. चारही टायरांची हवा १८ वर आणून पुन्हा ३२ करा, घड्याळ लावून. नरम जमिनीत फळीवर जॅक लावून एक चाक बदला.

काळ्या रानातल्या चिखलाची सवय मात्र इथेच सोडून जा. चिखलात आपण चाक जोरात फिरवून टायरच्या खाचा मोकळ्या करतो. वाळूत तीच युक्ती केली की पाच सेकंदांत गाडी पोटावर बसते.

प्रश्न : टेकडी चढताना वेग किती, गिअर कोणता? माथ्यावर गेल्यावर पलीकडे काय ते दिसत नाही, तेव्हा काय करायचं? — वाचक, होटगी रोड

आधी तयारी. वाळूला लागण्यापूर्वीच ४एच लावा. ईएसपी किंवा ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करा. नाहीतर चाक जरा सरकलं की गाडी स्वतःहून इंजिनची ताकद कापते, आणि चढाच्या मध्यावर तेच नको असतं. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, कारण पुढचं चाक कशाला अडलं तर स्टिअरिंग झटक्याने फिरतं. पट्टे सगळ्यांनी लावलेले. मागचं सामान बांधलेलं. सुटा जॅक डोक्यात बसू शकतो.

टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. वाऱ्याकडची बाजू लांब, मंद चढाची आणि दाबून घट्ट झालेली असते. आडोशाची बाजू आखूड, उभी, साधारण ३० ते ३४ अंशांची आणि भुसभुशीत असते, कारण माथ्यावरून घरंगळलेली वाळू तिथे जेमतेम तोल सांभाळून पडलेली असते. थरच्या वाळवंटात उन्हाळ्याचा जोराचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे बऱ्याच टेकड्यांची मंद बाजू त्या दिशेला सापडते. तरी दिशेवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा. चढायचं मंद बाजूने.

वेग टेकडीच्या पायथ्याआधी, सपाटीवर घ्यायचा. चढावर तो घेता येत नाही. मॅन्युअल गाडीत दुसरा गिअर, लांब चढाला तिसरा. ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर धरून ठेवायचा, नाहीतर मध्येच वरचा पडून गाडीची ओढ तुटते. गिअर चढाआधी ठरतो, चढावर बदलायचा नाही. क्लच दाबलेल्या त्या अर्ध्या सेकंदात वाळू गाडीला थांबवते. आकडा विचारलात म्हणून सांगतो : नवख्यांच्या टेकड्यांना ३० ते ४० पुष्कळ होतो.

आता माथा. शेवटच्या एका गाडीच्या लांबीवर ॲक्सिलरेटर सैल सोडायचा, इतका की गाडी माथ्यावर रांगत येऊन थांबेल, पुढची चाकं जरा पलीकडे झुकलेली. जोरात गेलात तर गाडी हवेत उडते आणि नाकावर पडते. फारच लवकर सोडलंत तर माथ्यावर पोट टेकून झोका होतो. दोन्हींत पत्करायचं असेल तर पोट टेकणं पत्करा. ते फावड्याने सुटतं.

उतरताना नाक थेट खाली, उताराला काटकोनात. पहिला गिअर, फार उभा उतार असेल तर थांबून ४एल. ब्रेक नाही. ब्रेक लावला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो आणि मागचा भाग वळायला लागतो. मागचा भाग एका बाजूला सरकू लागलाच तर स्टिअरिंग उताराच्या दिशेला करून ॲक्सिलरेटर किंचित द्यायचा, म्हणजे गाडी पुन्हा सरळ होते. मन उलट सांगतं, वर वळव म्हणतं. गाड्या उलटतात त्या यातच. उताराला आडवं कधीच जायचं नाही.

अर्ध्या चढावर गाडी दमली तर वळून खाली यायचा प्रयत्न करू नका, हीही उलटण्याचीच जागा. चाक फिरायला लागण्याआधी ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर धरा, उलटा गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि आलेल्या चाकोरीतूनच सरळ मागे उतरा. मग पायथ्याशी दहा मीटर जास्त मागे जाऊन पुन्हा. तीनदा जमलं नाही तर हवा दोन पीएसआय कमी करा किंवा टेकडी सोडा.

थांबायची जागासुद्धा निवडायची असते. खोलगट भागात थांबू नका. नाक उताराकडे करून थांबलेली गाडी विनासायास निघते. आणि थांबताना ब्रेक न दाबता पाय काढून घ्या, वाळू आपोआप थांबवते.

प्रश्न : ताफ्यात अंतर किती ठेवायचं? मोबाइलला रेंज नसेल तर बोलायचं कसं? सॅटेलाइट फोन न्यावा का? — वाचक, बार्शी

सपाट वाळूवर तीन-चार गाड्यांच्या लांबीचं अंतर. टेकडीवर मात्र अंतराचा प्रश्नच नाही : एका वेळी एकच गाडी. पुढचा पलीकडे उतरून, बाजूला होऊन ‘मोकळं’ म्हणेपर्यंत मागच्याने पायथा सोडायचा नाही. वाळूतले सगळ्यात वाईट अपघात माथ्यावर होतात. पलीकडे अडकलेल्या गाडीवर मागून येणारी चढते. म्हणून प्रत्येक गाडीला उंच काठीवर लाल किंवा भगवी झेंडी लावा, टोक जमिनीपासून अडीच-तीन मीटर वर. गाडी दिसण्याआधी झेंडी दिसते.

क्रम असा : पुढे जाणकार, त्याच्या लगेच मागे सगळ्यात नवखा, मग बाकीचे, शेवटी दुसरा जाणकार आणि त्याच्या गाडीत दोर-फावडी. नवख्याला शेवटी ठेवायची चूक बरेच जण करतात. त्याची गाडी रुतली तर कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवायची. आरशातून ती दिसेनाशी झाली की सुरक्षित जागा बघून थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल आणि असं करत पुढारी थांबेल. क्रम मध्ये बदलायचा नाही, फोटोसाठीसुद्धा.

बोलायला हातातले वॉकी-टॉकी, प्रत्येक गाडीत एक. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच विनापरवाना वापरता येतात. ऑनलाइन मिळणारे जास्त ताकदीचे, हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर जाणारे संच बेकायदा ठरतात. टेकड्यांमध्ये या छोट्या संचांचा पल्ला एखादा किलोमीटर धरा. बोलणं थोडकं ठेवा. गाण्यांची फर्माईश रात्री.

सॅटेलाइट फोन नको. परदेशातून आणलेला थुराया किंवा इरिडियम संच परवान्याशिवाय जवळ बाळगणंच भारतात गुन्हा आहे, आणि तुम्ही सीमावर्ती जिल्ह्यात आहात. त्यापेक्षा निघताना मुक्कामाच्या मालकाला कागदावर लिहून द्या : किती गाड्या, किती माणसं, कोणत्या दिशेला, किती वाजेपर्यंत परत.

प्रश्न : आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीचं टोचन आहे, लोखंडी साखळीही आहे. रुतलेली गाडी काढायला तेच नेलं तर? — वाचक, मोहोळ

साखळी घरीच राहू द्या. ट्रॅक्टर साखळीने हळूहळू, जमिनीला चाकं घट्ट रोवून ओढतो. वाळूत ओढणाऱ्या गाडीलाच पकड नसते, म्हणून ती थोडी धाव घेऊन झटका देते. साखळी ताणली जात नाही. त्या झटक्यात कडी किंवा हुक तुटतो आणि गोळीसारखा काचेतून आत येतो.

पण दोराआधी बरंच काही आहे. दहापैकी सात-आठ वेळा दोर लागतच नाही, जर ड्रायव्हरने वेळेत पाय काढला असेल. चाक जागेवर फिरतंय असं कळलं त्या क्षणी थांबायचं. आणखी एकदा रेटून बघू म्हणून दिलेला ॲक्सिलरेटर गाडीला दहा-पंधरा सेंटिमीटर खाली नेतो. मग सगळे उतरा आणि खाली वाकून बघा की पोट टेकलंय का. टेकलं नसेल तर चाकांच्या मागची वाळू हाताने सपाट करून, आलेल्याच चाकोरीतून मागे या. टेकलं असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने आधी पोटाखालची वाळू काढा, मग चाकांच्या मागची आणि पुढची. चाकाभोवती खणून पोट तसंच ठेवणं ही नेहमीची चूक, कारण वजन तर पोटावर आहे. हवा १२ पर्यंत उतरवा. वाळूच्या पट्ट्या असतील तर चाकाखाली जितक्या खोल जातील तितक्या सारा, आणि निघाल्यावर लगेच थांबू नका, घट्ट जागा येईपर्यंत चला. पट्टीवर चाक जोरात फिरवलंत तर पट्टी मागे भिरकावली जाते, तेव्हा मागे कोणी उभं नको.

एवढं करूनही निघाली नाही, तर दोर. घ्यायचा तो ताणला जाणारा नायलॉनचा, ९ मीटरच्या आसपास लांब. त्याची तुटण्याची क्षमता हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट. थारसारख्या सव्वादोन टनांच्या गाडीला साडेचार ते पावणेसात टनांचा लागतो. टोचनाचा साधा, न ताणणारा पट्टा बंद गाडी रस्त्यावरून न्यायला ठीक, झटक्याला नाही.

दोर कुठे अडकवायचा, हे दोरापेक्षा महत्त्वाचं. चॅसिसला बोल्टने जोडलेला हुकच वापरा. बंपरमधलं झाकण काढून आट्यांनी फिरवायची कडी रस्त्यावर ओढण्यापुरती असते. ट्रकवर गाडी बांधायची खालची कडी त्याहून कच्ची. ट्रॉली जोडायच्या गोल मुठीवर दोराचा फास कधीही टाकू नका. ती मूठ तुटून माणसं मेली आहेत. शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडायची पिनेची लोखंडी कडी, ४.७५ टन छापलेली घ्या, पिन हाताने पूर्ण आवळून पाव फेरा उलटी करा, नाहीतर ताणानंतर ती सुटत नाही. दोन दोर जोडायला मध्ये लोखंडी शॅकल घालू नका, फास एकमेकांतून ओवून त्यात काठी अडकवा. दोरेच वापरून विणलेल्या मऊ शॅकल मिळाल्या तर सगळ्यात उत्तम, कारण त्या तुटल्या तरी त्यांना वजन नसतं.

ओढणारी गाडी सरळ रेषेत, घट्ट जागी. दोरात दीड-दोन मीटर ढील नागमोडी ठेवा. दोराच्या मध्यावर जाड, घडी घातलेली सोलापुरी चादर टाका. तुटल्यास दोराची उसळी थोडी मरते. दोन ड्रायव्हर सोडून प्रत्येकजण दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभा राहील. इशारा एकानेच करायचा. ओढणारा पहिल्या गिअरमध्ये १०-१५ च्या वेगाने निघेल, दोर ताणला की रुतलेला ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर हलकेच साथ देईल. पहिल्या झटक्यात हलली नाही तर वेग वाढवू नका. पुन्हा खणा.

प्रश्न : वाळूत क्लच जळल्याचा वास आला तर पुढे जावं का? इंजिन तापलं तर? — वाचक, मंगळवेढा

वास आला म्हणजे थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं. कारण बहुतेक वेळा अर्धा दाबलेला क्लच असतो. वाळूत तो पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला, तिसरी स्थिती नाही. पाय सतत क्लचवर ठेवायची शहरातली खोड इथे एका दिवसात प्लेट संपवते.

तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, इंजिन लगेच बंद करू नका. पाणी भरायच्या झाकणाला हात लावायचा नाही, वाफ भाजते. उभी करताना खाली वाळलेलं सेवण गवत नाही ना ते बघा. तापलेल्या सायलेन्सरने ते पेट घेतं. डिझेल-पेट्रोल रस्त्याच्या मानाने दुप्पट धरून चाला आणि टाकी जैसलमेर शहरातच भरा.

प्रश्न : विमा आणि परवानग्यांचं काय? — वाचक, सात रस्ता

विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात : शर्यत, वेगचाचणी आणि तशा स्पर्धा वगळलेल्या. मित्रांची सहल शर्यत नव्हे, पण शर्यत लावलीत तर ती ठरेल. उंच केलेलं सस्पेन्शन किंवा मोठे टायर कंपनीला कळवलेले नसतील तर दावा अडतो, आणि आरटीओचा प्रश्न वेगळाच.

सीमेलगतच्या अधिसूचित भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. जैसलमेरला प्रशासनाकडे चौकशी करूनच पुढे जा. पोखरणकडे लष्कराचं गोळीबाराचं क्षेत्र आहे. तारेचं कुंपण नसलं तरी फलक असतात. वाळूत दिसलेला लोखंडी तुकडा उचलायचा नाही.

प्रश्न : सोबत आई-वडील (वय ६८ आणि ६४) आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. बसवावं का? — वाचक, विजापूर रोड

कंबर-मानेचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर नाही. बाकी निरोगी माणसं मंद टेकड्यांपुरती पुढच्या सीटवर बसतील. मुलाला त्याच्या मापाच्या खुर्चीत आणि मागे. मांडीवर नाही, छतातून डोकं काढून तर नाहीच. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर वाळूत राहा. दुपारी सावल्या आखूड झाल्यामुळे कडा आणि खड्डे ओळखू येत नाहीत. पाणी माणशी दिवसाला ५ लिटर, त्याशिवाय गाडीचं वेगळं. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, दोन्ही आठवडाभर टिकतात. जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या असतात, त्यामुळे दोरावर टाकायची चादर आणि पांघरायची वेगळी ठेवा.

प्रश्न : परतल्यावर गाडीचं काय बघावं? — वाचक, शेळगी

निघण्याआधीच, जैसलमेरला, चाकांचे नट आवळून घ्या आणि एअर फिल्टर काढून बाहेरच्या बाजूने हलकेच झटका. चौदाशे किलोमीटरचा परतीचा प्रवास आहे. आतून फुंकलेली हवा चालते, बाहेरून मारलेली धूळ कागदात रुतवते. रिम आणि टायरच्या कडेत वाळूचे कण अडकले तर हवा रोज दोन-तीन पीएसआय उतरते आणि पंक्चर सापडत नाही. टायर काढून कडा पुसायला सांगा. सोलापुरात आल्यावर पोटाखालून पाण्याने धुवा, ड्रम ब्रेक उघडून साफ करून घ्या, बॅटरीचे क्लॅम्प आणि सस्पेन्शनचे बोल्ट तपासा, चाकांचं अलाइनमेंट करा. इंजिन जोरात फिरवत क्लच वापरला असेल तर चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर देऊन बघा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर प्लेट बदलायला आली आहे.